टिकलीपर्यंत पाणी

बेळगावला कसला आलाय उन्हाळा, असं आम्ही पाहुण्यांना वर्षानुवर्षं सांगत आलो. गाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंचीवर, संध्याकाळी पश्चिमेकडनं वारा, आणि उकाडा फारच वाढला तर एखादा वळीव येऊन जायचा. इंदूरला दिलेली माझी बहीण मे महिन्यात मुलांना घेऊन माहेरी यायची ती आंब्यांसाठी कमी आणि ह्या वाऱ्यासाठी जास्त. शहापुरातल्या आमच्या जुन्या घराला मातीच्या जाड भिंती होत्या, वर मंगळुरी कौलं होती. छताचा पंखा होता, पण तो बहुतेक पाहुण्यांसाठीच फिरायचा.

मग ते घर विकलं, अनगोळकडं स्लॅबचं घर बांधलं आणि आमचाही उन्हाळा सुरू झाला. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री अकरा-बारापर्यंत अंगावर ऊब सोडत राहतो. अशा ह्या घरात, वरच्या मजल्यावरच्या हॉलमधे, माझ्या धाकट्यानं 2021 च्या दिवाळीत समुद्र आणून ठेवला.

समुद्र म्हणजे दोनशे लिटरची काचेची टाकी. तेव्हा त्याचं घरून काम चाललं होतं आणि हातात वेळ होता. गोड्या पाण्यातले मासे पुष्कळांच्या घरी असतात, खाऱ्या पाण्याचं प्रकरण मात्र वेगळं. आरओचं पाणी घ्यायचं, त्यात पाकिटातलं सागरी मीठ लिटरला साधारण 35 ग्रॅम ह्या हिशेबानं विरघळवायचं. म्हणजे आमच्या टाकीत सात किलो मीठ! आपलं स्वयंपाकाचं चालत नाही. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम असं बरंच काही असतं, ते सगळं ह्या पाकिटात घातलेलं असतं. मग दगड, वाळू, पाणी फिरवायचे पंप. महिना-दीड महिना नुसतं पाणी मुरवत ठेवलं आणि त्यानंतर मासे आले. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली क्लाउनफिशची जोडी, आणि हिरवट निळ्या रंगाचा एक क्रोमिस. पोवळी वगैरे आणायची नाहीत हे त्यानंच ठरवलं होतं, कारण समुद्रातली पोवळी आपल्याकडं वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहेत, वाघासारखीच.

आमच्या सासूबाईंना आम्ही आत्तीच म्हणतो. आत्तींनी टाकीकडं एकदा बघितलं आणि सरळ विचारलं, "पाच इंद्रियांचा जीव कोंडून घालायचा आणि शोभा म्हणून बघत बसायचं होय?"

त्यांचं चुकलं नव्हतं. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितलेत, त्यातला पहिलाच बंध, म्हणजे जिवाला अडकवून ठेवणं. आणि शेवटचा त्याचं अन्नपाणी तोडणं. पहिला तर आमच्या हातनं टाकी आणल्या दिवशीच घडला होता. धाकट्यानं आपल्या परीनं समजूत घातली. हे क्लाउनफिश समुद्रातनं पकडलेले नाहीत, हॅचरीत जन्मलेले आहेत. आपल्या देशात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं ह्यांची पैदास करायची रीत बसवलीय. समुद्रात सोडलं तर ह्यांना तिथलं काहीच ठाऊक नाही. आत्तींनी ऐकून घेतलं. क्रोमिस मात्र समुद्रातनंच धरून आणलेला, हे त्यानं मला पुष्कळ उशिरा, स्वयंपाकघरात हळूच सांगितलं.

खाण्याचा प्रश्न होताच. ह्या माशांना लोक गोठवलेल्या कोळंब्या घालतात. आमच्या फ्रीजमधे ते शक्य नव्हतं, आणि धाकट्यानंही तसा हट्ट धरला नाही. शेवाळापासून केलेले दाणे आणले. त्या पाकिटाच्या मागचं बारीक अक्षर मी एकदा चष्मा लावून वाचलं, तर त्यातही माशाची पूड होतीच. ते पाकीट बाहेरच्या कपाटात असतं, त्याचा चमचा वेगळा, आणि हात धुतल्याशिवाय मी स्वयंपाकघरात पाऊल ठेवत नाही. ह्यानं प्रश्न सुटला असं मी म्हणत नाही. तो आहे तिथंच आहे.

2023 च्या जूनमधे धाकटा नोकरीसाठी पुण्याला गेला. कुत्रा असो, तुळस असो की समुद्र, मुलं घरात आणतात आणि आयांच्या गळ्यात बांधून जातात, हे काही नवीन नाही. पावसाळा आणि हिवाळा तसा निभावला. 2024 चा एप्रिल आला आणि दुपारी पारा 38 वर जायला लागला.

टाकीला चिकटवलेला थर्मामीटर मी तोवर कधी नीट वाचलाच नव्हता. एका दुपारी चारच्या सुमाराला तिन्ही मासे पाण्याच्या अगदी वरच्या थरात येऊन तोंडं उघडमीट करताना दिसले. आकडा होता 31.4. फोन केला तर पलीकडनं धाकटा ओरडलाच, "आई, झाकण काढ आधी! लाइट बंद कर!" ह्या माशांना 24 ते 27 अंश बरं वाटतं. 30 च्या पुढं गेलं की दोन्हीकडनं मार बसतो. पाणी तापेल तसा त्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी होतो, आणि उष्णतेनं माशाच्या अंगाला तो लागतो मात्र जास्त.

पाणी गार करायचं चिलर नावाचं यंत्र मिळतं. त्याची किंमत ऐकून हे एवढंच म्हणाले, "तेवढ्यात आपल्यासाठी एसी येईल की." बर्फाची बाटली टाकीत सोडून बघितली. तासाभरात पाणी दोन अंश उतरलं, बाटली वितळली आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा चढलं. असं वरखाली माशाला सोसत नाही. अडीअडचणीला ठीक. शेवटी धाकट्यानं कुरिअरनं पंखे पाठवले. कॉम्प्युटरच्या डब्यात असतात तसले, तळहाताएवढे दोन, 12 व्होल्टचे. ते टाकीच्या काठावर तिरके बसवायचे, वारा पाण्याच्या पृष्ठभागावरनं सरकत गेला पाहिजे. झाकण काढल्यावर मासा उडी मारून बाहेर पडू नये म्हणून वर मच्छरदाणीची जाळी ताणून लावली. वायर आधी खाली झुकवून मग वर प्लगकडं न्यायची, म्हणजे तिच्यावरनं ओघळणारं खारं पाणी प्लगात शिरत नाही. एवढं सगळं त्यानं व्हिडिओ कॉलवर करून घेतलं.

मला ते बघून हसू आलं. एवढ्याशा पंख्यानं दोनशे लिटर पाणी गार होणार? पंख्याखाली बसून आपल्याला गार वाटतं ते घामामुळं, आणि माशाला कुठला घाम! पण रात्री आठला आकडा 28.6 होता आणि सकाळी 26.8.

मग लक्षात आलं, हे तर आपल्या माठाचंच शास्त्र. माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी वाऱ्यानं उडून जातं आणि जाताना आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातं. धाकट्यानं हिशेब सांगितला. एक लिटर पाणी उडालं की सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता निघून जाते, म्हणजे दोनशे लिटरची टाकी जवळपास तीन अंशांनी उतरावी एवढी. खोलीतली उष्णता पुन्हा आत येतच असते, म्हणून पंखे चालूच ठेवायचे. बहिणीला इंदूरला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, मग कूलर तरी दुसरं काय करतो?" तिच्याकडं कोरड्या उन्हात कूलर घर गारेगार करतो, आणि आमच्या मडगावच्या मावशीनं हौसेनं घेतलेला कूलर दुसऱ्याच वर्षी माळ्यावर गेला. हवाच ओली, पाणी उडणार कुठं? कपडे वाळतात तिथं पंखा चालतो, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

हे सगळं समजल्याच्या आनंदात मी मोठी चूक केली. पंख्यांनी दिवसाला चार-चार लिटर पाणी उडायला लागलं. सकाळी बघावं तर पातळी दोन बोटं खाली. धाकट्यानं पाणी बदलण्यासाठी मीठ कालवून ठेवलेला कॅन होता, तो संपल्यावर मी पाकिटावर वाचून पुन्हा कालवला. खारं पाणी कमी झालं म्हणजे खारं पाणी घालायचं, एवढं सरळ वाटलं मला. आठ दिवस रोज घालत होते.

आमटी आटली की खारट होते हे मला कळायला नको होतं? पस्तीस वर्षं स्वयंपाक केला मी. उडतं ते नुसतं पाणी, मीठ जागेवरच राहतं. रोजच्या चार लिटरमागं मी 140 ग्रॅम मीठ जादा घालत होते, म्हणजे आठ दिवसांत किलोच्या वर. नवव्या दिवशी सकाळी क्रोमिस दगडाच्या खाचेत आडवा पडलेला दिसला. हायड्रोमीटर पाण्यात धरला तर काटा 1.030 च्या पुढं. असायला हवा 1.025.

तो मिठानं गेला, आधीच्या उन्हानं गेला, की दोन्हींनी, हे सांगता येणार नाही. धाकटा फोनवर म्हणाला, "आई, क्रोमिस तसा नाजूकच असतो." मला बरं वाटावं म्हणून म्हणाला. परसात मोगऱ्याच्या आळ्याशेजारी मी त्याला पुरला आणि आत येऊन आत्तींजवळ बसले. मला वाटलं होतं त्या म्हणतील, मी आधीच सांगितलं होतं. तसं काही म्हणाल्या नाहीत. लहानपणी मुलांना त्या तंदुल मत्स्याची गोष्ट सांगायच्या. महामत्स्याच्या कानात राहणारा तांदळाएवढा मासा, आपल्याला एवढं मोठं तोंड असतं तर एकालाही सोडलं नसतं एवढ्या नुसत्या विचारानं सातव्या नरकात गेलेला. मी म्हटलं, "आत्ती, त्याचं नुसतं मनात होतं आणि तो नरकात गेला. माझ्या तर मनात काहीच नव्हतं, आणि हातनं जीव गेला."

"मारायचं तुझ्या मनात नव्हतं," त्या म्हणाल्या, "खरं बघितलं पण नाहीस की गं."

आमच्याकडं 'पण'च्या जागी 'खरं' म्हणतात. बाहेरच्या माणसाला ते वाक्य मऊ लागेल. मला लागलं ते मऊ नव्हतं.

नंतर खारटपणा उतरवायला पाच दिवस लागले. एकदम गोडं पाणी ओतलं तर राहिलेली जोडीही गेली असती. म्हणून रोज थोडं खारं पाणी काढायचं, तेवढंच आरओचं घालायचं. मुंगीच्या पावलानं काटा खाली आला. रोज किती पाणी उडालं हे कळावं म्हणून काचेवर खूण हवी होती. मी स्केचपेननं रेघ ओढली, ती ओल्या फडक्यानं पुसून गेली. आत्ती बघत होत्या. म्हणाल्या, "तुझं टिकलीचं पाकीट आण की." मामंजी जाऊन तेव्हा एकवीस वर्षं झाली होती. त्यांनी पाकिटातनं एक मोठी मरून टिकली काढली, काचेला बाहेरनं बरोबर पाण्याच्या रेघेवर लावली, अंगठ्यानं दाबली, आणि म्हणाल्या, "हितपर्यंत. रोज." त्या दिवसापासून आमचा नियम ठरला. सकाळी उठलं की टिकलीपर्यंत गोडं पाणी. खारं पाणी फक्त टाकीतलं पाणी बदलताना.

आता आत्तींच्या नियमाचं सांगायला हवं. वयाच्या 78 व्या वर्षी त्यांनी पंख्याचा त्याग घेतला होता. वायुकायाची विराधना आपल्या सुखासाठी कशाला, म्हणून. छताचा नाही, टेबलावरचा नाही, हातातलाही नाही. सूर्यास्तानंतर पाणी त्या पूर्वीपासूनच घेत नाहीत. त्यामुळं ह्या एप्रिलात आमच्या घरात मोठी विचित्र गोष्ट चालली होती. आतल्या खोलीत 81 वर्षांची बाई पंख्याशिवाय घामाघूम होऊन जप करतेय आणि बाहेर हॉलमधे दोन माशांना चोवीस तास दोन पंखे. मला फार अवघड वाटायचं. एकदा बोलून दाखवलं तर त्या चटकन म्हणाल्या, "नियम माझा हाय. माशांनी घेतलाय काय?"

जोडीतला मोठा मासा ही बाई असते, हे मला धाकट्यानं सांगितलं होतं. क्लाउनफिश सगळे नर म्हणूनच वाढतात. त्यातला जो थोरला होतो, ज्याचं चालतं, त्याची मादी होते, आणि ती गेली तर तिचा नर पुढं मादी होतो. हे ऐकून आमच्या महिला मंडळात एक जण म्हणाली, "म्हणजे सासू गेली की तिच्या जागी मुलगाच सासू!" खूप हसलो. पण त्याच दिवशी हेही कळलं की हे मासे नीट सांभाळले तर पंधरा-वीस वर्षंसुद्धा जगतात. घरी येताना मी रिक्षात वयांची बेरीज करत होते. आत्तींचं, यांचं, माझं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला वळीव आला. मला वाटलं, सुटलो. पाऊस पडला, हवा गार झाली, 38 ची 31 झाली. आणि टाकीतला आकडा? वाढला! कोरड्या उन्हात 27.5 ला राहणारं पाणी पावसानंतरच्या दमट हवेत 29 च्या खाली यायला तयार नाही. पंखे तेच, वारा तोच. टिकलीखाली पाणी जेमतेम अर्धं बोट उतरलेलं. पाणी उडतच नव्हतं तर गार कशानं होणार? पावसाळ्यात माठातलं पाणी कोमटच लागतं, हे आपण सगळ्याजणी दरवर्षी म्हणतो आणि माठ उपडा घालून ठेवतो. पण टाकीला तो नियम लावायचं काही मला सुचलं नव्हतं.

तीन दिवसांनी दुसरा वळीव आला तो वादळ घेऊनच. सातला वीज गेली, कुठं तरी झाड तारांवर पडलं होतं. हे गावाला शेताकडं गेलेले. इन्व्हर्टरवर पंखे आणि हवेचा छोटा पंप चालू होता, तोही अकराला शिट्टी मारून बसला. पाण्यात हालचाल नाही म्हणजे वरची हवा खाली मिसळत नाही. बॅटरीच्या उजेडात आकडा 29.8. मासे पुन्हा वर आलेले, मोठीचे कल्ले भराभर हलत होते. खिडक्या सगळ्या उघडल्या. धाकट्याला फोन केला. तो म्हणाला, "आई, तांब्यानं पाणी काढ आणि उंचावरनं परत टाकीत सोड. धार तुटू देऊ नकोस. मिसळू दे हवा."

मग मी स्टुलावर उभी राहून तांब्या-तांब्यानं तेच करत राहिले. किती वेळ, कुणास ठाऊक. हात भरून आला, दंडापर्यंत खारं पाणी ओघळत होतं. मागं पावलं वाजली. आत्ती. त्यांच्या हातात वाळ्याचा पंखा होता. घरात तो कुठं होता ते मलाही माहीत नव्हतं. त्यांनी खुर्ची टाकीच्या बाजूला ओढली, बसल्या, आणि पाण्यावर वारा घालायला लागल्या.

"आत्ती, तुमचा नियम..."

"तू धार सोड."

आम्ही बोललो नाही. त्या थांबल्या की मी धार सोडायची, मी थांबले की त्या वारा घालायच्या. मधे एकदा त्यांनी विचारलं, "हे झोपतात काय गं रातचं?" मी म्हटलं, "एका कोपऱ्यात जाऊन पडून राहतात म्हणे." पावणेतीनला वीज आली. पंप गुरगुरला, छोटे पंखे भिरभिरले. आकडा 28.9 होता. तो वाऱ्यानं उतरला होता की उघड्या खिडक्यांतनं आलेल्या पहाटेच्या गारव्यानं, हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही. जोडी खाली गेली आणि दगडाच्या कोपऱ्यात अंगाला अंग लावून राहिली.

मी आत्तींचा हात धरून त्यांना आत नेलं. त्यांच्या घशाला कोरड पडली होती ते आवाजावरनं कळत होतं. पण सूर्योदयाला अजून वेळ होता आणि मी पाण्याचं विचारलं नाही.

सकाळी आंघोळ करून, शुभ्र लुगडं नेसून त्या बस्तीला निघाल्या. जाताना टाकीशी थांबल्या, वाकून टिकली बघितली. मी पाण्याचा जग घेऊन आलेच होते. "एक बोट कमी हाय," एवढं म्हणून त्या जिना उतरल्या. त्या दिवशी त्यांनी एकाशन केलं. अष्टमी नव्हती, चतुर्दशीही नव्हती.

दुपारी धाकट्याचा फोन आला. "आई, टॉप-अप केलंस का?"

म्हटलं, "केलं."

"गोडं ना?"

"होय बाबा, गोडंच."